काळ्या सदऱ्यातले लेकरू



मागच्या महिन्यात रविवारची वंदना आटोपून मी विहाराच्या पायरीवर चपला शोधत होते. तेवढ्यात आपल्या परभणीतल्याच एका भगिनीने मला हाताला धरून बाजूला नेले. तिने विश्वासाने सांगितले म्हणून नाव देत नाही. नवरा मोंढ्यात हमाली करतो. ती स्वतः दोन घरी पोळ्या लाटायला जाते. थोरला मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचे काम शिकतो. ती म्हणाली, "ताई, पोरगं हातचं चाललं बघा. दोन महिने झाले, काळ्याबिगर दुसरं कापड अंगाला लावत नाही. नखांना काळं लावतो. रात्र रात्र मोबाइलवर रक्त पिणाऱ्या भुताचे पिच्चर बघतो. शेजारीण म्हणती, ह्याला बाहेरचं लागलंय. एका बाबाचं नाव दिलंय तिनं. अमावस्येला न्यायचं म्हणती. नेऊ का?"

नेऊ नको, असे मी तिथेच सांगितले असते. पण नुसते 'नको' म्हटल्याने आईच्या जिवाचा घोर जात नाही. म्हणून म्हटले, "अमावस्येला अजून आठ दिवस आहेत. त्याच्या आधी मला एकदा लेकराला भेटू दे."

संध्याकाळी गेले. मुलाने उठून "जयभीम मावशी" केले आणि बसायला सतरंजी टाकली. काळा सदरा, काळी पँट आणि डाव्या हाताच्या नखांना काळा रंग होता. रंग धाकट्या बहिणीने लावून दिला होता आणि अंगठ्यावर तो चांगलाच पसरला होता. भूत लागलेला मुलगा असा बहिणीपुढे हात धरून बसत नाही, हे मला तिथेच कळले. मी त्याला म्हटले, "बाळा, तू बघतोस तो सिनेमा मलाही दाखव." तो दचकला. रागे भरायला आलेली मावशी सिनेमा बघते म्हणेल असे त्याला वाटले नव्हते. मग ज्वारीच्या डब्याला मोबाइल टेकवून आम्ही तिघे बसलो. सिनेमा इंग्रजी होता. तो अडेल तिथे सांगत गेला.

त्या सिनेमाचे नाव 'मार्टिन'. जॉर्ज रोमेरो नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकाने १९७६ च्या सुमारास तो काढला. पैसा थोडा, म्हणून लहान १६ मिलिमीटरच्या फिल्मवर काम केले, मित्रांनाच कामे दिली आणि पाद्र्याचे लहानसे काम रोमेरोने स्वतःच केले. गाव आहे अमेरिकेतले ब्रॅडॉक. १८७५ साली अँड्र्यू कार्नेजी या बड्या कारखानदाराने तिथे पोलादाचा कारखाना काढला होता. पुढे धंदा बसत गेला आणि माणसे गाव सोडून गेली. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांच्या वस्तीत जी अवकळा आली ती आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे. त्या सिनेमातले बंद दुकानांचे रस्ते पाहून मला तेच आठवले.

मार्टिन हा एक लाजाळू, किडकिडीत पोरगा. तो आपल्या नात्यातल्या कुडा नावाच्या म्हाताऱ्याकडे राहायला येतो. म्हातारा त्याला पहिल्या दिवसापासून पिशाच म्हणून हाक मारतो. घराण्याला शाप आहे, दर पिढीत एक रक्तपिपासू निघतो आणि या पिढीतला तो तूच, असे त्याचे म्हणणे. दाराला लसणाच्या माळा, भिंतीवर क्रूस. आपल्याकडे उंबऱ्यावर लिंबू-मिरची बांधतात तसेच. मार्टिन एकदा त्या माळेतला लसूण चावून खातो, क्रूस गालाला लावून दाखवतो आणि म्हणतो की जादू वगैरे काही नसते. म्हाताऱ्यावर परिणाम शून्य. एकदा तर पोरगा बाजारातले प्लास्टिकचे सुळे आणि काळा झगा घालून म्हाताऱ्याला घाबरवतो आणि मग सुळे काढून दाखवतो. हा सगळा खोटा वेष आहे, एवढेच त्याला सांगायचे असते.

पण वाचकहो, मार्टिन निष्पाप नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याला सुळे नाहीत. तो इंजेक्शनची सुई आणि ब्लेड वापरून खरोखर खून करतो. सिनेमात ते उघड दाखवले आहे, म्हणून लहान मुलांना हा सिनेमा मुळीच दाखवू नये. प्रश्न असा उरतो की हा मुलगा पिशाच म्हणून जन्माला आला, की जन्मापासून 'तू पिशाच आहेस' ऐकत ऐकत तसा झाला? सिनेमा उत्तर देत नाही. शेवटी म्हातारा त्याच्या छातीत खुंटी ठोकतो, आणि तीसुद्धा अशा एका मृत्यूसाठी की जो मार्टिनच्या हातून झालेलाच नसतो. त्या बाईने आत्महत्या केलेली असते. पण एकदा नाव पडले की गावातले प्रत्येक मरण त्याच माणसाच्या खात्यावर जमा होते.

सिनेमा संपल्यावर मुलाची आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हाताऱ्यानंच बिघडवलं की त्याला." सिनेमाची इंग्रजी समीक्षा मी वाचलेली नाही, पण त्याहून नेमके काही लिहिले असेल असे मला वाटत नाही.

असे सिनेमे आपल्याकडेही निघाले. पूर्वी भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर सिनेमे पाहायची पद्धत होती. पैसे वर्गणीने जमत आणि गल्लीतली लेकरे पुढे बसत. त्यात एक तरी भुताचा सिनेमा असायचा आणि तो बहुतेक रामसे बंधूंचा असायचा. या भावांच्या वडिलांचे कराचीला रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईत आले. सात भाऊ. एकाने लिहायचे, एकाने कॅमेरा धरायचा, एकाने आवाज, एकाने संकलन, आणि तुलसी व श्याम यांनी दिग्दर्शन करायचे. १९७२ साली आलेल्या 'दो गज जमीन के नीचे' या सिनेमासाठी ते सगळे बिऱ्हाड घेऊन महाबळेश्वरला गेले. नटांचे मोठे मानधन नाही, सेटचा खर्च नाही. घरचा धंदा घरच्या माणसांनी चालवावा तसा तो सिनेमा झाला.

ड्रॅक्युलाच्या जातीचा त्यांचा सिनेमा म्हणजे १९९० सालचा 'बंद दरवाजा'. त्यातला नेवला दिवसा शवपेटीत झोपतो, वटवाघूळ होऊन उडतो आणि रक्त पितो. ते काम करणारे अनिरुद्ध अगरवाल हे रुडकीला शिकलेले स्थापत्य अभियंता. उंच, लांबट चेहऱ्याचे. त्या चेहऱ्यावरच त्यांना भुताची कामे मिळाली. 'बँडिट क्वीन'मधला बाबू गुज्जरही तेच. ज्या माणसाला पाहून आपण डोळ्यांवर पदर घेतला, तो इमारतींची गणिते सोडवणारा इंजिनिअर होता, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

त्या सिनेमाची गोष्ट मात्र विसरण्यासारखी नाही. ठाकुराच्या बायकोला मूल होत नाही. मोलकरीण तिला काळ्या पहाडीवर नेवल्याकडे घेऊन जाते. नेवल्याची अट अशी की मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर माझी. मुलगी होते. बाप ती देत नाही. पण पुढे मोठेपणी हीच मुलगी काळ्या पहाडीच्या वाटेला लागते. त्या वेळी आम्ही नुसते किंचाळलो. आज विचार केला तर अंगावर काटा येतो तो त्या अटीचा. पोटातल्या लेकराने अजून जगाचे तोंड पाहिले नाही, आणि ते कोण होणार हे दुसऱ्यांनी ठरवूनही टाकले.

तुम्ही म्हणाल, ताई, सिनेमाच तो, त्याचे एवढे काय? म्हणून आता आपल्या जिल्ह्याचे सांगते.

१९७२ हे साल मराठवाडा विसरणार नाही. दुष्काळाचे साल. त्याच वर्षी आपल्या परभणी जिल्ह्यातल्या मानवतला बायकांचे आणि लहान मुलींचे खून सुरू झाले आणि ते १९७४ पर्यंत चालले. तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखे नामांकित पोलीस अधिकारी आले. गुप्तधन मिळावे, मूल व्हावे, म्हणून रक्ताचा बळी द्यायचा, असा त्यामागचा प्रकार तपासात पुढे आला. खटला खालपासून वरपर्यंत चालला. कोणाला शिक्षा झाली, कोणी सुटले. मी तेव्हा लहान होते. दिवे लागायच्या आत मुलींना घरात घ्यायचे, रानात एकटीला पाठवायचे नाही, एवढे मला पक्के आठवते. २०२४ साली यावर 'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका आली आणि आपल्या तरुण मुलांना हे प्रकरण नव्याने कळले.

मूल व्हावे म्हणून रक्त हा धागा १९९० च्या सिनेमात आहे, आणि त्याच्या आधी तो आपल्या मातीत घडून गेलेला आहे. फरक एवढाच की मानवतला वटवाघूळ नव्हते की शवपेटी नव्हती. माणसे होती, आणि त्यांचा मंत्रतंत्रावर विश्वास होता. जिवानिशी गेल्या त्या कोणाच्या तरी लेकी होत्या. म्हणून ती भगिनी जेव्हा मला म्हणाली की लेकराला बाबाकडे नेऊ का, तेव्हा मला मुलाच्या काळ्या सदऱ्याची भीती वाटली नाही. भीती वाटली ती अमावस्येची.

मग मी मुलाला विचारले, "हे काळे कपडे त्या मार्टिनचे बघून घातले का?" तो म्हणाला, "नाही मावशी. मार्टिन साधेच कपडे घालतो, तुम्ही बघितलं ना. हे गॉथ आहे."

हा शब्द माझ्यासारखीलाही नवा होता. त्याने सांगितले ते आणि मी मागाहून वाचून घेतले ते, दोन्ही मिळून सांगते. १९७०-८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये तरुणांची एक चाल निघाली. काळे कपडे, काळे डोळे, पांढराफटक चेहरा, उदास संगीत. 'बॉहाउस' नावाच्या एका वाद्यवृंदाने १९७९ साली नऊ मिनिटांहून मोठे गाणे काढले, त्याचे नावच बेला लुगोसीवरून दिले होते. लुगोसी म्हणजे १९३१ च्या 'ड्रॅक्युला' सिनेमात काम करणारा नट. म्हणजे या मुलांचे आणि भुताच्या सिनेमाचे नाते पहिल्यापासूनचे. लंडनला १९८२ साली 'बॅटकेव्ह', म्हणजे वटवाघळांची गुहा, नावाचा त्यांचा अड्डा निघाला. तरी ही लाट एकट्या लंडनची नाही. लीड्ससारख्या कापडगिरण्यांच्या जुन्या शहरात ती जोरात होती. ही मुले रक्त पीत नाहीत. गर्दीसारखे दिसायचे नाही, दुःख लपवायचे नाही आणि आपल्यासारखी चार माणसे शोधायची, एवढाच त्यांचा व्यवहार.

पण वेगळे दिसण्याची किंमत त्यांनाही मोजावी लागली. इंग्लंडच्या लँकेशायर भागात बेकप नावाचे गाव आहे. तेही एके काळी कापसाच्या गिरण्यांचे. तिथे ऑगस्ट २००७ मध्ये सोफी लँकेस्टर ही २० वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र रात्री एका बागेतून जात होते. दोघेही गॉथ वेषात. पोरांच्या टोळक्याने मित्राला खाली पाडून तुडवले. सोफीने त्याचे डोके मांडीवर घेतले, तर तिलाही लाथांनी मारले. २४ ऑगस्टला ती गेली. मित्र वाचला. भांडण नव्हते, देणेघेणे नव्हते. ती वेगळी दिसत होती, एवढेच कारण. मारणारी मुले सज्ञानही नव्हती. सोफीच्या आईने पुढचे सगळे आयुष्य या कामाला वाहिले, शाळाशाळांतून जाऊन बोलली. २०१३ सालापासून मँचेस्टर भागातल्या पोलिसांनी अशा हल्ल्यांची नोंद द्वेषातून झालेले गुन्हे म्हणून घ्यायला सुरुवात केली.

हे मी सांगत होते तेव्हा मुलगा खाली मान घालून नखावरचा रंग खरवडत होता. बहिणीला वाईट वाटेल म्हणून आईने त्याचा हात धरला. तेव्हा तो बोलला. ते वाक्य मी तुमच्यासाठी जसेच्या तसे आणले आहे.

"मावशी, मी शिकतो तिथं नवीन माणूस भेटला की आधी आडनाव विचारतो. आडनाव सांगितलं की मग बोलायची पट्टी बदलती. काळं घातल्यापासून आधी शर्टाचं विचारतात. हे काय घातलंस, का घातलंस, असं. मी सांगतो. दोन मिनिटं तरी माझंच बोलणं होतं. आडनाव नंतर येतं."

खोलीत कोणी बोलेना. आईने पदर तोंडाला लावला. दोन महिने ती ज्याला बाहेरचे समजत होती, ते बाहेरचेच होते खरे, पण ते पिंपळावरून आलेले नव्हते.

या पानावर आपण कपड्यांबद्दल नेहमी बोलतो. लग्नात खर्च करू नका, पोरींना शिवणकाम शिकवा, असे. पण कपडा म्हणजे आपल्याला साधी गोष्ट कधीच नव्हती. काय नेसायचे, कुठपर्यंत नेसायचे, कोणत्या धातूचा दागिना घालायचा, हे आपल्या आज्या-पणज्यांसाठी गावाने ठरवले होते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, ते याच गोष्टीवर. अंगावरच्या कपड्यावरून आणि दागिन्यावरून जात ओळखू येते, तर ती खूण टाकून द्या, नीटनेटके नेसा, असा त्या बोलण्याचा अर्थ होता. बायकांनी ते ऐकले. लुगडे घोट्यापर्यंत आले. आज आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, पण त्या दिवशी तो बंडाचा वेष होता, आणि गावातल्या कित्येकांना तो सोसला नसणार. आजही सोसत नाही. गुजरातमध्ये २०१७ साली मिशा ठेवल्या म्हणून आपल्या तरुणांना मारहाण झाली. आपल्या महाराष्ट्रात, शिर्डीला, २०१५ साली मोबाइलवर वाजलेल्या भीमगीतावरून एका तरुणाचा जीव गेला. बेकपच्या त्या मुलीची गोष्ट ऐकताना म्हणूनच ती आपल्याला परकी वाटत नाही.

आपल्या समाजात तर भुतांनासुद्धा जात आहे. मुंज झालेला मुलगा लग्नाआधी मेला तर त्याचा मुंजा होतो म्हणतात. ब्राह्मणाच्या भुताला ब्रह्मसमंध असे वेगळे नाव. मेल्यावरही ज्या देशात जात सुटत नाही, तिथे अठरा वर्षांच्या पोराला दोन मिनिटे आडनावाशिवाय जगावेसे वाटले, तर त्याला भुताने झपाटले म्हणायचे का?

तरी मी त्याला एक गोष्ट सांगितली. म्हटले, "बाळा, शर्ट काळा घाल, निळा घाल, मला सारखाच. पण आडनाव उशिरा यावे म्हणून घालत असशील तर शर्टाच्या आड किती दिवस उभा राहशील? आवडतो म्हणून घाल. आणि आडनाव विचारले की मान वर करून सांग." तो हसला नाही. "बोलायला सोपं आहे मावशी," म्हणाला. खरे आहे त्याचे. मी काही त्याच्या वर्गात बसत नाही. त्याला मी आणखी काही शिकवले नाही.

आता शेजारणीविषयी. ती वाईट बाई नाही. गेल्या वर्षी मुलाचा बाप आजारी होता तेव्हा तिनेच डबा पोहोचवला. तिच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर आहे आणि दाराला काळी बाहुलीही आहे. आपल्यापैकी किती घरांत अशी दोन्ही आहेत, हे ज्याने त्याने आपापल्या दाराकडे पाहून ठरवावे. मी तिला बोलावून कायदा सांगितला, तोच इथे सांगते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने तो कायदा म्हणून मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, घाणेरडे पाणी पाजणे हा या कायद्याने गुन्हा आहे. एवढेच नव्हे, अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, अमुक माणूस सैतान आहे, असा समज पसरवून त्याचे जगणे कठीण करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत, दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत. सिनेमातल्या त्या कुडा म्हाताऱ्याने आयुष्यभर जे केले, ते आपल्या राज्यात आज केले तर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल. भानामतीच्या नावाने मराठवाड्यात किती बायकांची घरे उठली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कायद्याची किंमत सांगायला नको.

शेजारीण ऐकून म्हणाली, "बाई, मला काय ठाऊक. मी आपलं काळजीनं म्हणलं." तेही खरेच.

ज्या घरात असे काळ्या सदऱ्यातले लेकरू आहे, त्या आयाबापांना माझे सांगणे आहे. मूल काय घालते यावरून घाबरू नका, पण मूल कसे आहे ते बघत राहा. जेवते का, झोपते का, मित्रांत जाते का, कामावर किंवा वर्गात जाते का? हे सगळे ठीक असेल तर कपड्याचा रंग त्याच्यावर सोडा. जेवण सुटले, झोप उडाली, सारखे मरणाचे बोलू लागले, हातापायावर जखमा दिसू लागल्या, तर मात्र एक दिवसही घालवू नका आणि बाबाकडेही जाऊ नका. सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरविषयी विचारा. १४४१६ या क्रमांकावर केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा आहे. दिवसरात्र, पैसे न घेता, मराठीतही बोलतात. तो क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. आणि रात्रभर मोबाइल बघत असेल तर तो काढून घेण्याच्या आधी एकदा शेजारी बसून बघा, काय बघतो ते. तासभर जाईल, पण जे तो दोन महिने बोलला नाही ते कदाचित त्या तासात बोलेल.

अमावस्या होऊन गेली. ते कोणी कुठे गेले नाहीत. परवा मोंढ्याच्या कोपऱ्यावर ती भगिनी भेटली. हातात पिशवी होती. त्यात काळ्या कापडाचा एक तुकडा होता. "सदऱ्याची कॉलर फाटली त्याची," ती म्हणाली. "नवा घ्यायला पैसे नाहीत, म्हणून कॉलर बदलून देते. आणि ताई, एक सांगू? परवा त्याला मी तो बंद दरवाजाचा पिच्चर दाखवला मोबाइलवर. नेवला आला की पोरगं खो खो हसतंय, आणि मी मात्र अजून डोळ्यावर पदर घेते."

जयभीम.